अठ्ठाविसावा नंबर

इंदापूर सोडलं आणि एसटीच्या पुढं ट्रॅक्टर आला. त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, उसानं अशा गच्च भरलेल्या की मागचा दिवा, नंबरप्लेट सगळं पाचटाआड. ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भोंगे. गाणं कुठलं चाललंय ते कळत नव्हतं, नुसता धडधडाट पोटात जाऊन बसत होता. हंगाम सुरू झाला, हे मला आता कॅलेंडर बघून कळत नाही, असं कानांवरून कळतं.

"बाई, आज काय पाचाच्या आत बारामती दिसत न्हाय," कंडक्टर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन पुढं गेला. मला साडेचारला पोचायचं होतं. एक ट्रॅक्टर ओलांडला की दुसरा. निमगावला एक, लासुर्ण्याला दोन, पिंपळीजवळ तर चार एका ओळीत, आणि चौघांची गाणी वेगवेगळी. चिडावं तरी कुणाकुणावर? शाळेत पस्तीस वर्षं पोरांना 'हळू बोला' सांगण्यात गेली. निवृत्त झाले, आणि सगळा जिल्हाच वरच्या पट्टीत बोलायला लागला.

एवढ्या घाईचं कारण माझी भाची नाझ. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिनं वर्षापूर्वी बारामतीत भिगवण रस्त्याला एक कॅफे काढलाय. नुसता कॅफे म्हटलेलं तिला चालत नाही. तिथं चित्रं लावतात, कविता वाचतात, मातीची भांडी करायला शिकवतात, गाणी होतात आणि त्या सगळ्याबरोबर कॉफी मिळते. नाव काय, तर 'मोळी'. उसाची मोळी. जन्मात एक मोळी उचलली नाही पोरीनं, पण पाटीवर मोळी. मी हे तिला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "फुफी, तू तरी कधी उचललीस?" उलट उत्तर देण्यात ती माझ्या अब्बांवर गेली आहे.

मला रोज तिचे निरोप येतात. 'संध्याकाळ अनुभवा.' 'माती अनुभवा.' 'गुळाचा प्रवास अनुभवा.' अरे, साधं 'या' म्हणा की! मी त्यातल्या एकालाही उत्तर देत नाही. पण गेल्या आठवड्यात जो निरोप आला, तो वाचून मी चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. 'हंगाम विशेष. लोणी भापकरचे निवृत्तीतात्या, गाडीवानांची गाणी, रविवारी संध्याकाळी पाच.'

निवृत्तीतात्या हयात आहेत, हेच मला माहीत नव्हतं.

*

आमचं हॉटेल सोमेश्वरनगरला होतं, कारखान्याच्या गाडीतळासमोर. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, चहा, भजी आणि पाव. बाबूभाईचं हॉटेल. बाबूभाई म्हणजे माझे अब्बा. हॉटेलच्या मागच्या बाजूला आमची एक खोली, आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या पुढं पुरुष माणसं, मागं अम्मी, मी आणि माझी दहावीची पुस्तकं.

हंगामात घराला मळीचा वास यायचा. आंबूस, गोड, डोकं धरणारा. पाहुणे नाक दाबायचे, आम्हाला तो कळायचाच नाही, आणि हंगाम संपून तो गेला की घर रिकामं वाटायचं. धुराड्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. अम्मी पांढरं कापड विकत घ्यायचीच नाही. माझ्या वहीच्या पानांवरही काळे ठिपके पडायचे आणि बाई म्हणायच्या, "मेहरून, तुझा निबंध कुठं सुरू होतो आणि कारखाना कुठं संपतो?"

तेव्हा ऊस बैलगाड्यांनी यायचा. गाडीतळावर गाडी आली की गाडीवानाला नंबराची चिठ्ठी मिळायची. मग वाट बघायची. कधी चार तास, कधी दीड दिवस. बैल सोडून, वैरण टाकून गाडीवान आमच्या बाकड्यांवर येऊन बसत. कर्ण्यातून नंबर पुकारला गेला की उठायचं, बैल जुंपायचे आणि वजन करून गाडी ऊस ओतायच्या गव्हाणीवर न्यायची. नंबर चुकला तर गाडी पार शेवटाला. म्हणून प्रत्येकाचा एक कान कायम कर्ण्याकडं असायचा. दुसरा मोकळा होता, त्यासाठी गाणं होतं.

गाणं एकच. ते कुणी रचलं ठाऊक नाही, पण सुरुवात नेहमी तात्याच करायचे. तेव्हा ते तात्या नव्हते, पंचविशीचे निवृत्ती होते. डोक्याला उपरणं, आवाज असा खणखणीत की तळावरचे बैल माना वर करायचे.

लोणीची माती चाकाला लागली, चाकाला लागली,
नंबराची चिठ्ठी घामानं भिजली.

प्रत्येक ओळीचा शेवट 'ली'वर झाला पाहिजे, एवढाच नियम. बाकी ज्याला जे सुचेल ते.

ओढ्याच्या पाण्यावर बैलं ग पाजली, बैलं ग पाजली,
वाट बघता बघता सावली लांबली.

अब्बांचाही एक नियम होता. गाणं सुरू झालं की चुलीवरची कढई उतरवायची. भजी तळताना जो चुरचुर आवाज होतो, त्यात शब्द बुडतात, असं त्यांचं म्हणणं. मग गिऱ्हाईक कितीही भुकेलं असो. "बाबूभाई, एक प्लेट भजी!" "गाणं चाललंय ना? बसा." अम्मी पडद्यामागून दात-ओठ खायची. "हॉटेल चलाते या जलसा?" अब्बा तिकडं लक्षच द्यायचे नाहीत. ते कपबश्यासुद्धा वाजू देत नसत.

आणि गाणं चालू असताना गाणाऱ्याचा नंबर पुकारला गेला, की तो जिथं असेल तिथं थांबायचा. अर्ध्या ओळीत. उठायचा आणि निघायचा. मग त्याच्या मागचा नंबर ज्याचा, त्यानं गाणं पुढं न्यायचं. आवाज असो नसो, लाज वाटो न वाटो. त्याचा नंबर लागला की त्याच्या मागच्यानं. असं ते गाणं गाड्यांच्या ओळीबरोबर पुढं सरकत राहायचं. मी पडद्यामागं इतिहासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि कान पुढं. सनावळी एकही लक्षात राहिली नाही. गाण्याच्या ओळी मात्र आजही सलग पाऊण तास म्हणू शकेन. फक्त शेवट नाही. शेवट मी एकदाही ऐकला नाही. कधी अम्मी हाक मारायची, कधी मला झोप लागायची, कधी शाळेची वेळ व्हायची. परत येऊन बघावं तर बाकड्यांवर दुसरीच माणसं, गाणं कुठल्या कुठं गेलेलं.

दहावी झाली, डी.एड. झालं, लग्न होऊन इंदापूरला आले. हॉटेल गेलं, अब्बा गेले. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. सगळं पटलं, सगळं पचलं. पण त्या गाण्याचा शेवट काय, हे मला माहीत नाही, हे दर हंगामाला नव्याने टोचतं. चपलेत खडा असावा तसं. माणसानं एवढ्याशा गोष्टीसाठी अडून बसू नये, हे मला कळतं. तरी मी अडून बसले आहे.

*

पाचला दहा कमी असताना मी 'मोळी'त पोचले. दारातच दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या आणि त्यांना साटिनच्या गुलाबी फिती. ऊसतोडीला आलेल्या बाया हे बघतील तर काय म्हणतील, या विचारानं मलाच शरमल्यासारखं झालं. भिंतीवर बैलाच्या एका डोळ्याचं भलंमोठं चित्र. बाकीचा बैल कुठं गेला, ते चित्रकारालाच ठाऊक. बसायला बुटकी स्टुलं. माझे गुडघे बघून एका मुलीनं धावत जाऊन खुर्ची आणली, म्हणून तिला दुवा दिला.

नाझ आली, गळ्यात पडली. "फुफी, आज प्लीज चिडू नकोस."

"मी कुठं चिडलेय?"

"चेहरा बघ आरशात."

मी चहा मागितला. तिनं हातात एक लाकडी चकती ठेवली. तिच्यावर आकडा, अठ्ठावीस. चहा झाला की माइकवरून नंबर पुकारणार, मग आपण उठून काउंटरवरून घ्यायचा. म्हणजे हॉटेलात यायचं आणि चहासाठीही रांग लावायची! अब्बांच्या हॉटेलात चहा माणसापर्यंत जायचा. आता माणूस चहापर्यंत जातो, आणि याला सेवा म्हणतात.

कोपऱ्यातल्या टेबलाशी पांढऱ्या टोपीतलं एक वाळकं म्हातारं माणूस बसलं होतं. त्यांच्याही हातात चकती. सत्तावीस. बोलावलेल्या कलाकाराला नंबर! मी नाझकडं असं बघितलं की ती "सॉरी, सॉरी, नव्या मुलीनं दिली," म्हणत काउंटरमागं पळाली.

"तात्या, ओळखलंत का? मी बाबूभाईची थोरली. मेहरून."

त्यांनी डोळे बारीक केले. "पडद्यामागली व्हय गं? पाय तेवढं दिसायचं तुझं, पडद्याखालनं. आमी म्हनायचो, बाबूभाईची पोरगी लई अभ्यास करती."

"अभ्यास कसला, तुमचं गाणं ऐकायचे."

"आगं, मग पास कशी झालीस?" ते हसले. हसताना खोकला आला, खूप वेळ थांबेना. आवाज पार खोल गेला होता. मला काळजी वाटायला लागली. या आवाजात हे कितीसं गाणार? म्हणून मी धीर न धरता आत्ताच विचारलं.

"तात्या, त्या गाण्याचा शेवट काय होता हो? मला कधी ऐकायलाच मिळाला नाही."

"शेवट?" त्यांनी चकती टेबलावर फिरवली. "मला कसा म्हाईत असंल? माझा नंबर लागला की मी बैलं जुपायला जायाचो. शेवट मागच्याला म्हाईत."

"आणि मागचा कोण?"

"दर खेपंला निराळा. अन् त्याचाबी नंबर लागायचाच की. त्यो त्याच्या मागच्यावर सोडून जायाचा."

"आता त्यांच्यापैकी कुणी आहे?"

तात्यांनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि बोटं मिटली. "न्हाय बा. मीच मागं ऱ्हायलोय."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, ते कुणाकडंच नव्हतं. मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात मागं घर्रर्र असा आवाज झाला आणि मी दचकले. कॉफीचं यंत्र. आधी दळतं, मग फुसफुसतं, मग किंचाळतं. एक कप कॉफीसाठी एवढा आकांत.

*

कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे आधी निवेदिकेनं दहा मिनिटं बोलून घेतलं. 'आपली मुळं', 'मातीचा गंध', 'हरवत चाललेलं काहीतरी'. हरवत चाललेला माणूस शेजारी बसून खोकत होता, त्याला पाणी द्यायचं कुणाला सुचलं नाही. मीच उठून दिलं. मग सगळ्यांनी मोबाइल वर केले.

मी चिडून चिडून बघत होते खरी, पण एक गोष्ट डोळ्यांत भरत होती आणि ती मला कबूल करावी लागेल. निम्म्याहून जास्त मुली होत्या. कॉलेजातल्या, नोकरीतल्या, दोघी तर बुरख्यात. मधल्या जागेत, पहिल्या ओळीत, पाय पसरून बसलेल्या. पडद्यामागं कुणीच नव्हतं. आणि बारामतीत दुसरीकडं बसायचं कुठं? सभागृहं लग्नांना आणि सत्कारांना पुरत नाहीत. तिथं गाणं असतं ते पाहुणे यायला उशीर झाला म्हणून. नाझ धंदाच करते, पण अब्बाही धंदाच करत होते. मग माझा राग कशावर होता? मी स्वतःलाच विचारलं, आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा किंचाळलं. हां. यावर होता.

तात्यांनी सुरुवात केली.

लोणीची माती चाकाला लागली...

आवाज बारीक, फाटका. पण चाल तीच, आणि 'लागली'वरची तो छोटा हेल तोच. पहिल्या दोन ओळी मिळाल्या. तिसरी दळण्यात गेली. चौथीच्या मध्ये माइकवरून "नंबर पंचवीस, कोल्ड कॉफी!" एक मुलगा वाकून, माफी मागत, सगळ्यांच्या पायांवरून गेला. तात्यांनी एकदा माइककडं पाहिलं आणि पुढं चालू ठेवलं. "नंबर सव्वीस, सँडविच!" मी खुर्चीचा हात आवळून बसले होते. उठून ओरडले तर भाचीची शोभा होईल. न ओरडले तर या माणसाचं गाणं कॉफीबरोबर दळलं जाईल, आणि हे गाणारा दुसरा कुणी आता मिळणार नाही.

उसाच्या गाडीची कुरकुर थांबली, कुरकुर थांबली,
कारखान्याची शिट्टी...

"नंबर सत्तावीस! स्पेशल चहा!"

तात्या थांबले. तिथंच, ओळीच्या मध्ये. खिशातून चकती काढली, वाचली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आला माझा नंबर," ते म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं गंमत केली. टाळ्या पडल्या. निवेदिका लगबगीनं माइक घेऊन आली, "तर असे होते आपले लाडके..." तात्यांनी तिला हातानं थांबवलं.

"बाई, संपलं न्हाय. माझा नंबर झाला निस्ता." त्यांनी चकती वर धरली. "च्याचा का असंना, नंबर त्यो नंबर." मग सगळीकडं नजर फिरवून विचारलं, "अठ्ठावीस कुणाचा हाय?"

मुली एकमेकींच्या चकत्या बघायला लागल्या. माझी चकती माझ्या मुठीत होती, घामानं ओली झालेली. पासष्ट वर्षांची बाई मी. शाळेत राष्ट्रगीताखेरीज काही गायलेलं नाही. आमच्या घरात बायका लग्नात ढोलकीवर गातात, तेव्हासुद्धा मी जेवणाचं बघते. पण मला दिसत होतं की आत्ता जर मी गप्प बसले, तर ते गाणं इथंच, 'कारखान्याची शिट्टी'वर, कॉफीच्या यंत्राशेजारी अडकून पडणार. कायमचं. शेवट नको, पुढची ओळ तरी हवी.

"माझा," मी म्हणाले.

तात्यांनी मान डोलावली, जणू काही त्यांना माहीतच होतं, आणि काउंटरकडं चहा घ्यायला निघाले. गाडी गव्हाणीवर न्यावी तसे, मागं न बघता.

मी उभी राहिले. यंत्र घरघरत होतं. मग मात्र मी वर्गात ओरडायचे त्या आवाजात ओरडले, "नाझ! आधी ती कढई उतरव!"

बाकीच्यांना काही कळलं नाही. पण नाझला ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकवली आहे, ती कंटाळून उठून जाईपर्यंत. तिनं यंत्राचं बटण बंद केलं. कपबश्या विसळणाऱ्या मुलीच्या हातावर हात ठेवून तिलाही थांबवलं. खोली इतकी शांत झाली की बाहेर रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर ऐकू आला.

कारखान्याची शिट्टी कानात वाजली...

तात्यांची अर्धी ओळ पुरी झाली. पाठ असलेल्या ओळी ज्याच्या त्याच्या होत्या, या शिट्टीच्या पुढचं कधी नव्हतंच. ज्याचा नंबर, त्यानं रचायचं.

गोणपाटामागं पोरगी बसली, पोरगी बसली,
पुस्तक उघडून गाण्याला फसली.

काउंटरशी तात्या हातात कप धरून उभे होते. "व्वा गं पोरी!" ते म्हणाले. पुढच्या ओळीतली एक बुरख्यातली मुलगी आपल्या हातातली चकती उलटसुलट करून बघत होती. तिच्यावर एकोणतीस होतं. ती मैत्रिणीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि तिचे ओठ हलायला लागले. शेवटाला 'ली' असलेले शब्द शोधत असावी.

माझा चहा झाला होता. काउंटरवर, नाझच्या पुढ्यात, वाफा येत होत्या. तिच्या एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिनं तो झाकून धरला होता. मी तिसरी जोडी गायले, चौथी गायले. चहावर साय धरली, वाफा थांबल्या. अठ्ठावीस नंबर तिनं पुकारला नाही.